फोर्ज : भट्टीतला आणि खोट्या सहीतला

मुंढव्याची ‘भारत फोर्ज’ पुणेकरांना माहीत असते. १९६१ साली स्थापन झालेली कंपनी. आणि कोर्टाच्या बातमीत ‘सही फोर्ज केली’ हेही आपण वाचतो. दोन्हीकडे शब्द एकच!

मूळ लॅटिन. ‘फाबेर’ म्हणजे कारागीर, त्याची कार्यशाळा ती ‘फाब्रिका’. फ्रेंचांच्या तोंडी झिजत झिजत तिचं ‘फोर्ज’ झालं आणि लोहाराच्या भट्टीसकट इंग्रजीत आलं. तोच लॅटिन शब्द नंतर दुसऱ्या वाटेने पुन्हा आला, तो ‘फॅब्रिक’. अमेरिकेतलं व्हॅली फोर्ज, जिथे वॉशिंग्टनच्या सैन्याने १७७७-७८ चा हिवाळा काढला, तेही तिथल्या लोखंडाच्या भट्टीवरूनच.

खरी मजा प्रत्यक्ष कामात आहे. पोलाद साधारण १२०० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचं, पिवळंजर्द झालं की साच्यात ठेवून वरून हातोड्याचा दणका. त्या माराने धातूचे आतले तंतू तुटत नाहीत, वस्तूच्या आकाराबरोबर वळतात. म्हणून ट्रकचा क्रँकशाफ्ट इतका मार खाऊन टिकतो. ओतीव वस्तूत हे साधत नाही.

खोटेपणाचा अर्थ अलीकडचा वाटेल, पण तो चौदाव्या शतकापासून आहे. ज्याला घडवता येतं, त्याला नक्कलही घडवता येतेच की! आपल्या ‘बनावट’चंही तेच: घड्याळाची बनावट स्विस, नोट मात्र बनावट.

‘फोर्ज अहेड’ (नेटाने पुढे जाणे) मात्र या घराण्यातला धरू नका. तो जहाजांच्या बोलीतला. ‘फोर्स’चा अपभ्रंश असावा असं मानतात.