मड-टेरेन की ऑल-टेरेन? गोव्याच्या पावसात टायर निवडताना

मृगाच्या सरी सुरू झाल्या की फोंडा, म्हापसा, मडगाव येथील टायरच्या दुकानांत एक विशिष्ट ग्राहक दिसू लागतो. त्याची थार, गुरखा किंवा जिमनी बाहेर उभी असते आणि त्याची नजर भिंतीवर टांगलेल्या त्या मोठमोठ्या ठोकळ्यांच्या टायरांवर खिळलेली असते. मड-टेरेन टायर गाडीला जो रांगडेपणा देतो तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तो टायर चिखलासाठी घडवलेला आहे, आणि आपली गाडी वर्षातले किती दिवस खरोखर चिखलात असते, हा हिशेब दुकानात शिरण्यापूर्वी घरीच मांडलेला बरा.

आमच्या एका सहकाऱ्याने तो मांडला नाही. गेल्या पावसाळ्यात फोंड्याहून पणजीला येताना पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला. नवे कोरे मड-टेरेन टायर घातलेली त्याची गाडी ओल्या डांबरावरून घसरत गेली आणि ट्रकच्या मागील फळीपासून हातभर अंतरावर थांबली. मागच्या आसनावर दोन मुले होती. टायरमध्ये दोष काहीच नव्हता. तो ज्या जमिनीसाठी बनला होता, ती जमीन त्या क्षणी त्याच्याखाली नव्हती, इतकेच.

यामागचे कारण टायरच्या नक्षीत आहे. मड-टेरेन टायरवर रबराचे ठोकळे मोठे, उंच आणि एकमेकांपासून दूर असतात. चाक चिखलात फिरू लागले की हे ठोकळे फावड्यासारखे चिखल कापतात, मधल्या रुंद चरांत तो भरून घेतात आणि चाकाच्या वेगाने बाहेर भिरकावून देतात. प्रत्येक फेऱ्यात टायर स्वतःला असा साफ करत राहतो. ऑल-टेरेन टायरची नक्षी दाट असते, चर अरुंद असतात. आपल्याकडची तांबडी चिकणमाती या अरुंद चरांत एकदा घट्ट बसली की बाहेर निघत नाही, आणि मग कितीही महाग टायर असला तरी तो गुळगुळीत रूळच ठरतो. सत्तरीतल्या एखाद्या कुळागराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर जुलैत अडकलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

डांबरावर मात्र चित्र उलटते. तेथे पकड मिळते ती जमिनीला टेकलेल्या रबरामुळे, आणि मड-टेरेन टायरचे जमिनीला टेकणारे रबर मुळातच कमी. रुंद चरांतून पाणी बाहेर पडते हे खरे, पण केवळ पाणी बाहेर काढल्याने गाडी थांबत नाही. ऑल-टेरेन टायरच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा दिलेल्या असतात; त्यांच्या असंख्य कडा ओल्या पृष्ठभागावरचा पाण्याचा पातळ थर पुसून काढतात. मड-टेरेनवर अशा चिरा मोजक्याच. शिवाय त्याचे उंच ठोकळे ब्रेक लागताच किंवा वळणावर किंचित वाकतात, त्यामुळे सुकाणूचा प्रतिसादही ढिला वाटतो. अनमोड किंवा चोर्ला घाटातल्या धुक्यात आणि पावसात हा ढिलेपणा गमतीचा राहत नाही. चारही चाकांना शक्ती मिळाल्याने गाडी पुढे जायला मदत होते. थांबताना मात्र सर्व भिस्त ब्रेक आणि टायर यांच्यावरच असते. अनेक नव्या चालकांची गफलत नेमकी येथे होते.

आवाज, वाढलेले वजन, वाढलेला इंधनखर्च आणि डांबरावर लवकर होणारी झीज या गोष्टी दुकानदार सहसा ओघात सांगून जातो. आवाजाची मात्र कल्पना प्रत्यक्ष ऐकल्याखेरीज येत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाला काचा बंद असूनही येणारी ती सततची घरघर बेळगावपर्यंत सहन करून पाहावी.

मग मड-टेरेन घ्यावेच कुणी? ज्याची शेती किंवा बाग अशा जागी आहे की पावसाळ्यात रोज चिखलाच्या वाटेनेच जावे लागते, त्याने निःशंकपणे घ्यावेत. किंवा ज्याला खरोखर स्पर्धात्मक ऑफ-रोडिंग करायचे आहे, त्याने. 1997 साली मलेशियात सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा 2014 मध्ये ऐन पावसाळ्यात गोव्यात प्रथम झाली आणि येथील हौशी चालकांना चिखलाचे वेड लागले, ते समजण्यासारखे आहे. पण अशा स्पर्धेतल्या कित्येक गाड्या मैदानापर्यंत दुसऱ्या वाहनावर चढवून आणल्या जातात, हेही ध्यानात ठेवावे. समुद्रकिनाऱ्याचे कारण तर कुणी पुढे करूच नये. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे, आणि मऊ वाळूत मड-टेरेनचे ठोकळे चाकाला वर ठेवण्याऐवजी खाली खणतच जातात.

उरलेल्या बहुसंख्यांसाठी, म्हणजे आठवडाभर कचेरी आणि एखाद्या रविवारी धबधबा अशी दिनचर्या असणाऱ्यांसाठी, चांगला ऑल-टेरेन टायर हीच शहाणपणाची निवड आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. नदीपात्रातले गोटे, चिरेखाणीकडचे खडबडीत रस्ते, खड्डे हे सारे तो पेलतो. तीक्ष्ण दगडांचा त्रास अधिक असेल तर नक्षीपेक्षा टायरच्या कडेची भिंत किती जाड आणि किती थरांची आहे ते पाहावे. थारच्या 18 इंची चाकांवर कारखान्यातूनच ऑल-टेरेन प्रकारचे टायर येतात. जिमनीवर महामार्गासाठीचे येतात. डांबर सोडायचेच नसेल तर हे दुसऱ्या प्रकारचे टायरही उत्तमच.

मोठ्या मापाचा मोह हा वेगळा विषय असला तरी दुकानात तो याच क्षणी समोर येतो. समजा 255/65 आर 18 या मापाऐवजी 275/65 आर 18 घातला. चाकाचा व्यास सुमारे 789 मिलिमीटरवरून 815 वर जातो, म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक वाढतो. वेगदर्शक 80 दाखवत असेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात 82 ते 83च्या वेगाने धावत असते. इंजिनावर ताण पडतो, सुकाणू पूर्ण वळवल्यावर टायर आत घासू शकतो, आणि मागील दारावर टांगलेल्या जड स्टेपनीने दाराच्या बिजागऱ्या कुरकुरू लागतात. पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे टायर घालून फोर-व्हील-ड्राइव्ह वापरणे तर यंत्रणेला थेट इजा करणारे आहे, कारण या गाड्यांत फोर-व्हील गुंतवल्यावर पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरतो.

क्वचित येणाऱ्या चिखलासाठी एक स्वस्त उपाय उपलब्ध आहे. ऑल-टेरेन टायरमधली हवा 20 पीएसआयच्या आसपास उतरवली की टायर पसरतो, जमिनीला अधिक टेकतो आणि बऱ्याच ठिकाणी गाडी निघून जाते. अट एवढीच की डांबरावर परतताच हवा पुन्हा दाराच्या चौकटीवरील पत्रकात दिलेल्या मापापर्यंत भरायची. बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवला तर पंक्चरवाल्याची वाट पाहावी लागत नाही.

पैसे मोजण्यापूर्वी टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत कोरलेले चार आकडे वाचावेत. पहिले दोन निर्मितीचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. 1423 याचा अर्थ 2023 मधला चौदावा आठवडा. सवलतीच्या दरात मिळणारा माल अनेकदा गोदामात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला असतो. पाचही टायरांवरचे आकडे वेगवेगळे तपासावेत, एकाच टायरवर विसंबू नये.