गावाचे नाव, मालाचा मान

इटलीतल्या पार्मा, मोडेना आणि आसपासच्या ठरावीक भागातच, किमान 12 महिने मुरवून केलेल्या चीजला ‘पार्मिजानो रेज्जानो’ हे नाव लावता येते. तिथला कायदा हे नाव जपतो. आपल्याकडेही 1999 चा भौगोलिक मानांकन कायदा आहे. तो 2003 पासून लागू आहे. अशा नावांची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते, दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करावे लागते.

मराठवाड्यातल्या भोकरकरांना यासाठी लांब पाहायला नको. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 साली मानांकन मिळाले. त्याच साली लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीरही नोंदली गेली. मराठवाड्याची ओळख दुष्काळापुरती उरली असताना ही नावे चवीमुळे पुढे आली, हे मला फार मोलाचे वाटते.

मात्र मानांकन कुणा एकाचे नसते, ते त्या भागातल्या सर्व उत्पादकांचे असते. तरीही नाव आणि चिन्ह अधिकृतपणे वापरायचे तर प्रत्येकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. बरेच शेतकरी इथेच थांबतात. मानांकन मिळालेले पीक तुम्ही त्या भागात घेत असाल, तर या नोंदीसाठी अर्ज जरूर करा.