निमे, पेठ आणि बारा शब्द

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट, आर्वी येथील कापसाच्या बाजारांत एके काळीं हुंडीचा व्यवहार चाले. पांचशें रुपयांच्या हुंडींत रक्कम आंकड्यांत व अक्षरीं असेच. शिवाय ‘निमे अडीचशें, त्याचे दुणे’ असाही मजकूर घालीत. कोणी लबाडानें एक शून्य वाढविलें तर निमे त्यास खोटें पाडी.

क्रिप्टोचलनाच्या बटव्यामागें हीच युक्ति आहे. बटवा हें नांव मात्र फसवें; नाणें त्यांत नसतेंच. देवघेवीची नोंद सार्वजनिक खातेवहींत असते. बटव्यांत असतात त्या खर्चाचा अधिकार देणाऱ्या गुप्त किल्ल्या. ज्या एका प्रचंड संख्येपासून त्या निघतात, ती संख्या 2013 सालीं मांडलेल्या ‘बिप-39’ या प्रमाणानुसार बहुधा बारा साध्या शब्दांत लिहून ठेवितात. हे शब्द 2048 शब्दांच्या ठराविक यादींतले असतात. प्रत्येक शब्दांत शून्य वा एक असे अकरा अंक मावतात, म्हणजे बारांत 132. पैकीं 128 सोडतीप्रमाणें निघालेले. उरलेले चार त्यांवरून गणितानें काढलेले. हेंच येथील निमे! पण तें दुबळें आहे. यादींतलाच भलता शब्द लिहिला गेला, तर सोळांतून सुमारें एकदां चूक निसटून जाते.

यंत्र मोडलें तरी शब्दांचा कागद शाबूत असल्यास त्याच प्रमाणाच्या दुसऱ्या यंत्रांतून धन पुन्हां हातीं येतें. कागदच हरवला तर? हुंडी हरवली असतां सावकार तिच्याबद्दल दुसरी, म्हणजे पेठ, लिहून देई. तीही गेली तर परपेठ. बारा शब्दांची पेठ देणारा सावकार नाहीं. आणि ते ज्याच्या हातीं पडतील, त्यालाच खातेवही धनी मानते.