प्राप्तिकर कोणाच्या हातात? झरी जामणीच्या मतदारासाठी थोडी उकल

2024 साली झरी जामणी तालुक्यातल्या मतदाराच्या बोटाला सात महिन्यांत दोनदा शाई लागली. 19 एप्रिलला लोकसभेसाठी आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेसाठी. जिल्हा यवतमाळ असला तरी लोकसभेचा मतदारसंघ चंद्रपूर आहे, आणि विधानसभेला हा तालुका मारेगावसोबत वणी मतदारसंघात मोडतो. म्हणजे खासदार एका जिल्ह्याच्या नावाचा आणि कलेक्टर दुसऱ्या जिल्ह्याचा. इथल्या लोकांना त्याची सवय आहे. सवय नाही ती एका वेगळ्या हिशेबाची: कोणता उमेदवार कोणत्या कराबद्दल बोलू शकतो, आणि बोलला तरी त्यातलं किती त्याच्या हातात असतं?

‘आमचा माणूस निवडून आला तर इन्कम टॅक्स कमी करील’ ही समजूत विधानसभेच्या बाबतीत तर साफ चुकीची आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीतली 82 वी नोंद शेती सोडून इतर उत्पन्नावरचा कर केंद्राकडे देते. वणीचा आमदार सत्ताधारी असो की विरोधी, तो प्राप्तिकराचा एक टप्पाही हलवू शकत नाही. गंमत अशी की शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार मात्र राज्याचा आहे. राज्य सूचीतली 46 वी नोंद त्याचीच. म्हणून कुणी दिल्लीचा पुढारी शेतीवर प्राप्तिकर येणार अशी भीती घालू लागला, तर आधी त्याला ही नोंद दाखवावी.

पगारातून जाणारा एक कर मात्र आमदारांच्या अखत्यारीत येतो, आणि त्याच्याबद्दल प्रचारात क्वचितच कुणी बोलतं. शिक्षकाची किंवा मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यातल्या कामगाराची पगारपावती पाहा. महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल. फेब्रुवारीत तो 300 होतो. अकरा महिन्यांचे 2,200 आणि वरचे 300 मिळून 2,500. हा आकडा उगाच आलेला नाही. घटनेच्या कलम 276 मध्ये 1988 साली दुरुस्ती होऊन वर्षाला एवढीच कमाल मर्यादा ठरली, म्हणून बेरीज जुळवायला फेब्रुवारीला शंभर रुपये जास्त जातात. महाराष्ट्रात हा कर 1975 च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. 2023 पासून महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे, आणि ती सूट मुंबईत ठरली, दिल्लीत नव्हे.

आता लोकसभा. इथे उमेदवारांची तुलना निदान अर्थपूर्ण तरी ठरते. चंद्रपुरात भाजपचे सुधीर मुनगंटीवार उभे होते. 2014 ते 2019 राज्याचे अर्थमंत्री राहिलेला, जीएसटीचा राज्य कायदा विधिमंडळात आणणारा माणूस. समोर काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर होत्या. त्या अडीच लाखांहून जास्त मतांनी जिंकल्या. पण उमेदवाराचा अर्थखात्याचा अनुभव आणि प्राप्तिकराचा दर यांचा थेट संबंध नसतो. दर ठरतो तो वित्त विधेयकात, आणि त्यावर खासदार पक्षादेशाप्रमाणे मत देतात. एवढं खरं की एखादा कर कमी करण्याची दुरुस्ती कोणताही खासदार सुचवू शकतो. कर वाढवण्याची दुरुस्ती मांडायला मात्र राष्ट्रपतींची शिफारस लागते. राज्यसभा तर वित्त विधेयकासारखं धन विधेयक चौदा दिवसांत परत पाठवण्यापलीकडे काही करू शकत नाही. तेव्हा तुलना करायची ती पक्षांची.

मग पक्षांनी काय म्हटलं होतं? काँग्रेसच्या एप्रिल 2024 च्या ‘न्याय पत्रा’त प्रत्यक्ष कर संहिता आणू, वैयक्तिक प्राप्तिकराचे दर सत्ताकाळात स्थिर ठेवू आणि नवउद्योगांवरचा एंजल टॅक्स काढू, असं लिहिलं होतं. भाजपच्या संकल्पपत्रात 12 लाखांच्या सवलतीचं वचन नव्हतं. निकाल लागला, सरकार भाजपप्रणीत आघाडीचं आलं आणि जुलैच्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी एंजल टॅक्स काढून टाकला. काँग्रेसचं आश्वासन भाजपच्या अर्थमंत्र्यांनी पुरं केलं! पुढे 1 फेब्रुवारी 2025 ला, दिल्ली विधानसभेच्या मतदानाला चार दिवस असताना, प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत कर शून्य झाला. त्याआधी जानेवारीत आम आदमी पक्षाचे अरविंद केजरीवाल यांनी ही मर्यादा 10 लाखांवर न्या अशी केंद्राकडे मागणी केली होती, तीही विधानसभेच्या प्रचारात. जाहीरनामा वाचून पुढच्या अर्थसंकल्पाचा अंदाज बांधणारा माणूस फसतो, याला एवढे दाखले पुरेत.

वारसा कराची आवई हा 2024 च्या लोकसभा निवडणुकीतला आणखी एक नमुना. काँग्रेसचे नेते सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा दाखला दिला आणि देशभर गदारोळ झाला. काँग्रेसने ते मत आपलं नसल्याचं सांगितलं; त्यांच्या जाहीरनाम्यातही असा कर नव्हता. भारतात 1953 पासून मालमत्ता शुल्क होतं, ते 1985 मध्ये राजीव गांधींच्या सरकारात विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना गेलं. झरीतल्या मतदाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तारखेची आहे: हा वाद 24 एप्रिलचा, आणि इथलं मतदान पाच दिवस आधीच आटोपलं होतं. चंद्रपूरच्या निकालाला हा वाद जोडणाऱ्यांनी कॅलेंडर पाहावं.

‘12 लाखांपर्यंत टॅक्स नाही’ या वाक्यातच तीन-चार गैरसमज दडलेले आहेत. करमुक्त टप्पा 4 लाखांचाच आहे. त्यापुढचा कर हिशेबात येतो आणि 60,000 रुपयांपर्यंतची सूट मिळून तो शून्य होतो. त्यामुळे उत्पन्न 4 लाखांवर गेलं की कर लागो न लागो, विवरणपत्र भरावं लागतं. दुसरी भीती, एक रुपया जास्त झाला तर सगळ्या रकमेवर कर. तसं होत नाही. करपात्र उत्पन्न 12 लाख 10 हजार असेल तर टप्प्यांप्रमाणे कर 61,500 येतो, पण सीमांत सवलतीमुळे भरायचे ते 10,000 आणि त्यावर 4 टक्के उपकर.

शेती असलेल्या नोकरदाराची गोष्ट जरा निराळी आहे, आणि या तालुक्यात असे पुष्कळ सापडतील: शाळेत नोकरी, घरी कापूस-सोयाबीन. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं, पण ते हिशेबातून पूर्ण बाहेर नसतं. समजा, वजावटीनंतर पगाराचं करपात्र उत्पन्न 11 लाख आणि शेतीचं 3 लाख. आधी 14 लाखांवरचा कर काढायचा, 90,000. त्यातून 4 लाखांच्या टप्प्यात शेतीचे 3 लाख मिळवून 7 लाखांवरचा कर वजा करायचा, 15,000. उरले 75,000. सूट जास्तीत जास्त 60,000 ची, म्हणून 15,000 आणि उपकर मिळून 15,600 रुपये भरावे लागतात. शेती नसती तर शून्य. कोणत्याही जाहिरातीत हे सापडत नाही. आणि दूध, कोंबड्या किंवा भाड्याने दिलेला ट्रॅक्टर ही कायद्याच्या लेखी शेती नव्हे.

आदिवासींना प्राप्तिकर नसतो, हाही गैरसमज कोलाम-गोंड वस्तीच्या या भागात ऐकू येतो. ती सूट ईशान्येतली काही राज्यं व क्षेत्रं आणि लडाख इथल्या अनुसूचित जमातींनाच आहे. महाराष्ट्रातला अनुसूचित भाग पाचव्या अनुसूचीतला, त्याला ती लागू नाही. झरीतला आदिवासी तलाठी किंवा शिक्षक इतरांसारखाच करदाता आहे.

उमेदवाराच्या शपथपत्राबद्दलही असाच गैरसमज होतो. 26 क्रमांकाच्या त्या नमुन्यात 2019 पासून मागच्या पाच वर्षांच्या विवरणपत्रातलं एकूण उत्पन्न लिहावं लागतं, स्वतःचं आणि जोडीदाराचंही. मात्र त्या एकूण उत्पन्नात करमुक्त शेतीचा आकडा येत नाही. जमीन शंभर एकर आणि उत्पन्न चार लाख, असं दिसलं की लगेच लबाडी म्हणू नये. लगेच विश्वासही ठेवू नये.

प्राप्तिकर भरणारी घरं इथे थोडी. बाकीच्यांचा कर जातो तो दुकानातून: रासायनिक खतावर 5 टक्के जीएसटी, कीटकनाशकावर 18. ‘गरीब कर भरत नाही’ म्हणणाऱ्याने फवारणीच्या औषधाचं बिल पाहावं. जीएसटी परिषदेत राज्याचा मंत्री बसतो आणि मतांचं दोन तृतीयांश वजन राज्यांचं असतं, म्हणजे हा विषय आमदाराला विचारण्याजोगा आहे. भाजपने नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा संकल्पपत्रात खतावरचा राज्याच्या वाट्याचा जीएसटी अनुदान म्हणून परत करण्याचं वचन दिलं होतं. वणीतून निवडून आलेले शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे संजय देरकर विरोधी बाकावर आहेत. सभागृहात या वचनाचा हिशेब मागणं हे त्यांचंच काम. पुढच्या वेळी मत मागायला जो कोणी येईल, त्याच्यापुढे प्राप्तिकराचा विषय काढण्याऐवजी खताचं बिल ठेवा.