पडद्यामागची कळ

संकेतस्थळावर तुम्हाला एखादे नवे बटण दिसते, शेजाऱ्यांना मात्र दिसत नाही. नव्या सोयीचा कोड दोघांच्याही ब्राउझरमध्ये आलेला असतो. ती दाखवायची की नाही, हे ‘फीचर फ्लॅग’ नावाची कळ ठरवते. आधी शंभरातल्या पाचांना दाखवायची, बिनसले तर कळ बंद! मोठी सोयीची गोष्ट. पण बटण लपवले म्हणजे व्यवहार थांबला, असे नव्हे. ब्राउझरमधला कोड कोणीही वाचू शकतो. परवानगीची तपासणी सर्व्हरवरच हवी. काउंटरची खिडकी लावल्याने तिजोरीला कुलूप लागते थोडेच!

खरी मेख आहे ती जुन्या कळांत. बँकेत आम्ही संपलेल्या खातेवहीवर ‘बंद’ असा शेरा मारून ती हलवत असू. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने २००३ पासून न वापरलेल्या ‘पॉवर पेग’ प्रणालीची कळ नव्या कामाला लावली. हे संकेतस्थळ नव्हते, पण कळ त्याच जातीची. आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला आणि दुसऱ्या कुणी ते तपासले नाही. (आमच्याकडे साध्या व्हाउचरलाही दुसरी सही लागे.) १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच त्या सर्व्हरवर जुनी प्रणाली जागी झाली. पाऊण तासात चाळीस लाखांवर व्यवहार, ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा!

बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने कर्मचाऱ्यांना चूक दर्शवणारे ९७ ई-मेल धाडले होते. ते कुणी मनावर घेतले नाहीत.