शिक्का, मोर्तब आणि एचटीटीपीएस

दिवाळीची सुट्टी लागली की रायगडचा किनारा गजबजतो. किहीम, नागाव, काशिद, दिवेआगर, कुठेही जायचे असो, खोलीपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीच्या तिकिटापर्यंत सगळे मोबाइलवरच ठरते. नागावच्या एखाद्या घरगुती निवासात उतरलेला पाहुणा तिथल्या वायफायवरून बँकेचे खाते उघडतो. त्याचा पासवर्ड घरमालकाच्या राउटरमधून, केबलवाल्याच्या यंत्रणेतून आणि पुढे कितीतरी अनोळखी यंत्रांतून बँकेपर्यंत पोहोचतो. वाटेत कोणालाही तो वाचता येत नाही. ही किमया पत्त्याच्या आरंभी असलेल्या 'एचटीटीपीएस'ची आहे.

पूर्वी ही सोय सरसकट नव्हती. २०१० साली एरिक बटलर या प्रोग्रामरने 'फायरशीप' हे साधन प्रसिद्ध केले आणि उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्याच्या फेसबुक खात्यात किती सहज शिरता येते, ते जगाला दाखवले. डिसेंबर २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था सर्वांना मोफत प्रमाणपत्रे देऊ लागली, तेव्हा छोट्या संकेतस्थळांनाही हे संरक्षण परवडू लागले. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या 'एचटीटीपी' पानांवर 'असुरक्षित' असा शेरा दाखवू लागला.

हे काम कसे चालते, ते समजायला शिवकालीन पत्रे पाहावीत. माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपेल तिथे मोर्तब. मुद्रेवरून पत्र कोणाचे ते कळे, मोर्तबामुळे खाली ओळ वाढवता येत नसे. एचटीटीपीएस ही दोन्ही कामे करते आणि मजकूर गुप्तही ठेवते.

संपर्क जुळताच फोन आणि बँकेचा सर्व्हर एकेक संख्या एकमेकांना पाठवतात. त्यांवरून दोघेही आपापल्या जागी एकच गुप्त किल्ली तयार करतात. किल्ली स्वतः तारेवरून जातच नाही. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडलेली ही युक्ती आजही पाया आहे. सर्व्हर आपले प्रमाणपत्र आणि सही दाखवतो, ब्राउझर ती तपासतो, मगच मजकूर जातो. वाटेत एक अक्षर जरी बदलले तरी पडताळणी फसते आणि जोडणी तुटते. राउटरला दिसते ते इतकेच: कोणत्या नावाच्या संकेतस्थळाशी बोलणे झाले, कधी आणि साधारण किती.

मात्र प्रमाणपत्र देणाराच चुकला तर? जुलै २०१४ मध्ये गूगलला आपल्या नावाची, पण आपण न मागितलेली प्रमाणपत्रे आढळली. ती भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून निघाली होती आणि नंतर रद्द झाली. आता क्रोमसारखे ब्राउझर प्रत्येक प्रमाणपत्राची सार्वजनिक नोंद मागतात. त्यामुळे असा घोळ लपवणे अवघड झाले आहे.

या संरक्षणाची मर्यादाही ओळखायला हवी. जोडणी सुरक्षित आहे म्हणजे पलीकडचा माणूस सज्जन आहे, असे मुळीच नव्हे. काशिदच्या एखाद्या रिसॉर्टशी मिळतेजुळते नाव घेऊन भामटाही मोफत प्रमाणपत्र मिळवू शकतो, आणि आपण भरलेले पैसे पूर्ण सुरक्षितपणे त्याच्याच खात्यात जातात. लोक कुलपाच्या चित्राचा असा चुकीचा अर्थ लावतात, म्हणूनच क्रोमने २०२३ साली ते चित्र पत्त्याच्या पट्टीतून काढले. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'ने संपणाऱ्या पत्त्यांवर जायला सांगितले. हे पत्ते फक्त बँकांनाच मिळतात.

तेव्हा बुकिंगचे पैसे भरण्याआधी पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला, तर 'पुढे जा' दाबू नका. रिसॉर्टचा फोन नंबर दुसऱ्या खात्रीच्या ठिकाणाहून मिळवून एकदा बोला. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा, कारण पैसे रोखण्याची संधी पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. वाटेची राखण गणित चोख करते. वाट कोणाच्या दारी नेते, हे पाहणे आपल्याच हाती आहे.