आखूड सावलीचं ऊन

सकाळी सूर्य उगवला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आठ-दहा जण पूर्वेकडे पाठ करून बसलेले असतात. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हातात चहाचे पेले. "कोवळं ऊन घ्यावं, रक्त खेळतं राहतं आणि डीसुद्धा मिळतं," असं त्यातल्या एका काकांनी मला मनापासून सांगितलं. त्यांच्या या एका वाक्यात ऊब, रक्ताभिसरण आणि ड जीवनसत्त्व यांची एकच मोळी बांधलेली आहे. या सगळ्या गोष्टी सूर्यच देतो हे खरं, पण प्रत्येकीचे किरण वेगळे आणि वेळही वेगळी. ही मोळी सोडवून पाहिल्याशिवाय उन्हाबद्दलचे आपले गैरसमज सुटणार नाहीत.

आधी कोवळ्या उन्हाचं पाहू. अंगाला जी ऊब जाणवते ती अवरक्त किरणांची. अतिनील किरण जाणवतच नाहीत, त्यांची खूण उशिरा पटते. उन्हात रापून कातडी लाल होते ती काही तासांनी, आणि लाली शिगेला पोहोचते ती बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी. या अतिनील किरणांपैकी जमिनीवर पोहोचतात त्यांत बहुतांश 'ए' गटातले. 'बी' गटातले अगदी थोडे, आणि ड जीवनसत्त्व घडवतात ते हेच थोडे. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना ओझोनच्या थरातून तिरपा, लांबचा प्रवास करावा लागतो आणि 'बी' किरण वाटेतच शोषले जातात. म्हणून कोवळ्या उन्हात ऊब असते, उजेड असतो, मन प्रसन्न होतं, पण ड जीवनसत्त्व जवळपास नसतं.

ते कधी मिळेल हे बघायला घड्याळ नको, सावली पुरते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य पुरेसा वर आला आहे. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस बघायला पुण्या-मुंबईची मुलं शाळेच्या मैदानावर काठ्या रोवतात, तेव्हा सूर्य थेट डोक्यावर असतो आणि किरणांची वाट सर्वांत छोटी असते. डिसेंबरातही आपल्याकडे भर दुपारी सावली उंचीपेक्षा जेमतेम का होईना, आखूड राहते. लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाला त्या महिन्यात ही सोय नाही. तिथे दुपारी बारालाही सावली माणसाच्या उंचीच्या तिपटीहून लांब पडते, आणि म्हणून ब्रिटनची आरोग्यसेवा हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यायला सांगते. त्यात आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन 'बी' किरण अडवतं, त्यामुळे गोऱ्या माणसाला जेवढी मिनिटं पुरतात तेवढी आपल्याला पुरत नाहीत.

"ऊन कातडीवर पडतं, त्याचा आतल्या अवयवांशी काय संबंध?" या शंकेचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालं आहे, आणि ते मला फार आवडतं. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की नावाचे डॉक्टर मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडत होते. पहिल्या महायुद्धानंतरची ती उपाशी, खुरटलेली मुलं. हुल्डशिन्स्कींनी मुलाच्या एकाच हातावर प्रकाश पाडला आणि नंतर दोन्ही हातांचे एक्स-रे काढले. प्रकाश न पडलेल्या हाताच्या हाडांतही चुना तसाच भरला होता. म्हणजे कातडीत काहीतरी तयार झालं आणि रक्तावाटे सगळ्या शरीरभर गेलं. ते 'काहीतरी' काय हे पुढे कळलं. कातडीतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडाची कडी 'बी' किरण मोडतात, अंगाच्या उष्णतेने तासन्‌तास त्याची पुनर्रचना होते, मग ते रक्तातल्या एका प्रथिनावर स्वार होऊन आधी यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात जातं, आणि तिथे कामाचं होतं. ही घडण कातडीच्या जिवंत थरांत होते, त्यामुळे उन्हातून आल्यावर आंघोळ केली तर डी धुऊन जातं हेही खरं नाही. आणि कितीही वेळ उन्हात बसलं तरी उन्हामुळे ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, कारण जास्तीचा माल कातडी स्वतःच निकामी पदार्थांत बदलून टाकते. गोळ्यांना ही मर्यादा नाही. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

आता रक्त खेळतं राहण्याबद्दल. काकांचं म्हणणं इथे अर्धं बरोबर निघालं, आणि ज्या कारणाने निघालं ते कुणाच्या फारसं ध्यानीमनी नव्हतं. उष्णतेने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, गरम पाण्याने शेकलं तरी होतं. एडिंबरा विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड वेलर यांना प्रश्न पडला तो उष्णता वगळल्यावर काय उरतं याचा. त्यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ निरोगी माणसांना दोनदा दिव्याखाली झोपवलं. एकदा 'ए' किरण आणि ऊब दोन्ही, दुसऱ्यांदा किरण अडवून नुसती ऊब. किरणांच्या वेळी रक्तदाब थोडा उतरला आणि दिवा बंद झाल्यावरही काही काळ उतरलेला राहिला. रक्तातलं ड जीवनसत्त्व मात्र होतं तेवढंच होतं.

ही किमया नायट्रिक ऑक्साइड नावाच्या छोट्याशा वायूची. त्याचे साठे कातडीत नायट्रेट आणि तत्सम रूपांत पडून असतात. 'ए' किरण कातडीच्या खालच्या थरापर्यंत, जिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं आहे तिथवर पोहोचतात आणि तो मोकळा करतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू त्याने सैलावतात. ज्यांच्या घरात हृदयविकाराचा रुग्ण आहे त्यांच्या फडताळात जिभेखाली ठेवायची छोटी गोळी असते. ती याच वायूच्या जोरावर छातीतली कळ कमी करते. रक्तवाहिन्यांना संदेश देणारा हा वायू ओळखल्याबद्दल १९९८ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं.

मग रक्तदाबाची गोळी बंद करून उन्हात बसायचं का? मुळीच नाही. परिणाम थोडा आहे आणि तेवढ्यापुरता आहे. वेलर यांच्या गटाने पुढे अमेरिकेतल्या डायलिसिस केंद्रांवरच्या ३ लाख ४० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तापमानाचा हिशेब वेगळा काढल्यावरही, अतिनील किरण जास्त तिथे वरचा रक्तदाब किंचित कमी, असंच दिसलं. पण अशा पाहणीत संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. गोळी बंद केल्याने होणारा पक्षाघात मात्र अगदी खरा असतो. रक्तदाबाच्या गोळीबाबत डॉक्टरांशिवाय कुणाचंही ऐकू नये, माझंसुद्धा.

"उन्हाचा फायदा म्हणजे डी, मग गोळी घेतली की झालं" हा शहरी गैरसमज. अमेरिकेत २५,८७१ जणांवर केलेल्या 'व्हायटल' चाचणीत रोज २००० युनिटची गोळी देऊनही हृदयविकाराचे झटके किंवा कर्करोग कमी झाले नाहीत. हे निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस आले. हाडांसाठी, कमतरता असलेल्या माणसासाठी गोळी लागते, तिथे ती घ्यावीच. पण ज्यांच्या रक्तात डी भरपूर त्यांची तब्येत चांगली, असं जे आधीच्या पाहण्यांत दिसायचं, त्याचा एक अर्थ इतकाच असू शकतो की ती माणसं मोकळ्या हवेत फिरत होती.

वजनाचं आणि चयापचयाचं चित्र अजून धूसर आहे. उन्हात चरबी वितळत नाही. घामातून जातं ते पाणी आणि मीठ, आणि घोटभर पाण्याबरोबर काट्यावरचं वजन परत येतं. ऑस्ट्रेलियात पर्थच्या संशोधकांनी चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांना अतिनील किरण दिले तेव्हा त्यांचं वजन कमी वाढलं, साखरेचा ताळेबंदही सुधारला. उंदरांच्या कातडीत जे घडतं ते माणसांत तसंच घडेल असं नाही. उलट तेल अवीवच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवलं की 'बी' किरणांनी पुरुषांच्या कातडीतल्या चरबीपेशी भुकेचं संप्रेरक सोडतात आणि पुरुष जास्त खातात. बायकांमध्ये हे आढळलं नाही. आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांना रोज ४००० युनिट डी देऊन पाहिलं, त्यानेही मधुमेह खात्रीने टळला नाही. तेव्हा साखरेसाठी ऊन घेण्यापेक्षा उन्हात चालावं. उपयोग असेल तर तो चालण्याचा.

बाळाची कावीळ हा आपल्या घराघरातला विषय. "बाळाला लाइटखाली ठेवलंय" म्हटलं की आजीला वाटतं ते अतिनील किरण असणार. ते नसतात. तो निळा प्रकाश. १९५० च्या दशकात इंग्लंडच्या रॉचफर्ड इस्पितळातल्या सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणातल्या उन्हात नेत असत. एका बाळाचं सगळं अंग फिकं झालेलं आणि दुपट्याच्या कोपऱ्याने झाकलेला तेवढा त्रिकोण पिवळाच राहिलेला डॉक्टरांनी पाहिला. त्यातून पुढे ही उपचारपद्धत आली. कातडीतल्या रक्तवाहिन्यांतून वाहणारं बिलिरुबिन या प्रकाशात रूप बदलतं आणि शरीराबाहेर टाकता येतं. पण उघड्या उन्हात मात्रा मोजता येत नाही, कोवळी कातडी भाजते, आणि वाढती कावीळ बाळाच्या मेंदूला इजा करू शकते. तिथे एक दिवसही घरगुती उपायात घालवू नये.

अतिनील किरणांनी 'रक्त शुद्ध' करून देण्याच्या जाहिरातीही दिसतात. रक्त काढून त्यावर किरण सोडायचं यंत्र एमेट नॉट यांनी अमेरिकेत १९२० च्या दशकात बनवलं, आणि प्रतिजैविकं आल्यावर ते मागे पडलं. आज त्यामागे भरवशाचा पुरावा नाही. कातडीच्या एका विशिष्ट कर्करोगात पांढऱ्या पेशींना औषध आणि 'ए' किरण देण्याची मान्य पद्धत आहे, ते औषध बावचीत सापडणाऱ्या सोरालेन कुळातलं. पण तो उपचार इस्पितळातला, विशिष्ट रोगासाठीचा, आणि रक्तशुद्धीच्या पॅकेजशी त्याचं काही नातं नाही. हौसेने कातडी रापवणाऱ्या दिव्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ सालीच तंबाखूच्या पंक्तीत बसवलं आहे.

माझी आई तीन वर्षं रोज दुपारी गॅलरीत तासभर उन्हात बसायची. गॅलरी बंद केलेली, स्लायडिंगच्या काचा लावलेल्या. रक्ततपासणीत डी अगदी खाली आलं तेव्हा ती खट्टू झाली, "एवढं ऊन खाऊनही?" साधी काच 'बी' किरण जवळजवळ सगळे अडवते आणि 'ए' बरेचसे आत सोडते. म्हणजे सुरकुत्या वाढवणारं ऊन तिला मिळत होतं, हाडांचं मिळत नव्हतं. आता डॉक्टरांची गोळी चालू आहेच. शिवाय बाराच्या सुमाराला ती काच सरकवते, डोक्यावर पदर घेते, हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून तांदूळ निवडत बसते. ताट अर्धं निवडून होतं आणि कातडी तापल्यासारखी वाटायच्या आत ती उठून सावलीत येते.